न दिसल्याची नोंद : नवजात ताऱ्यांभोवतीच्या तेजोमेघांच्या निरीक्षणाची प्रस्तावना

आकाशातल्या बहुतेक तेजोमेघांची एक मोठी सोय असते : ते कुठे जात नाहीत. मृग नक्षत्रातला प्रसिद्ध तेजोमेघ यंदा पाहायचा राहिला तर पुढच्या हिवाळ्यात पाहावा, तेव्हाही जमले नाही तर नातवंडांना दाखवायला सांगून ठेवावे. त्याचे काही बिघडत नाही. हे पुस्तक ज्या तेजोमेघांविषयी आहे त्यांचा असा भरवसा देता येत नाही. ते काही आठवड्यांत रूप बदलतात, काही वर्षांत विझतात, चाळीस वर्षांनी पुन्हा उजळतात. एक तर गेला तो दीडशे वर्षांत परतलेला नाही. नुकताच जन्मलेला तारा आणि त्याला जन्म देणारा काळा धूलिमेघ यांच्या व्यवहारातून हे सगळे घडते, आणि माणसाच्या एका आयुष्यात मावेल इतक्या वेगाने घडते. खगोलशास्त्रात असे भाग्य क्वचित लाभते.

लिहिताना डोळ्यांसमोर जो वाचक होता त्याचा पत्ता साधारण सांगता येईल. अमावास्येच्या जवळच्या शनिवारी तो गाडीच्या डिकीत ८ किंवा १० इंची दुर्बीण टाकून पुण्याहून निघतो. कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ मागे टाकतो आणि किकवीच्या आसपास सातारा रस्ता सोडून आतल्या वाटेला लागतो. इथले आकाश आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. उत्तरेला पुण्याचा उजेड क्षितिजावर पसरलेला असतो, दक्षिणेला शिरवळच्या कारखान्यांचे दिवे आहेत, महामार्गावरची वाहने रात्रभर थांबत नाहीत, आणि गावोगावच्या चौकात आता हायमास्ट उभे राहिले आहेत. पण डोंगराच्या आडोशाची जागा मिळाली (आणि शेतमालकाची परवानगी, बांधावर दुर्बीण लावण्याआधी ती घ्यावीच) तर डोक्यावरचा मोठा भाग चांगला काळा मिळतो. आपल्या विषयाला नेमका तोच लागतो. किकवीचे अक्षांश साधारण सव्वाअठरा अंश उत्तर. इथे जमेल ते सासवडला, वाईला, भंडारदऱ्यालाही जमेल. अक्षांशात फार फरक नाही.

प्रथम काळ्या मेघांविषयी. आकाशगंगेच्या पट्ट्यात अधूनमधून तारे नसलेल्या जागा दिसतात. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड या अमेरिकन निरीक्षकाने त्यांची छायाचित्रे घेण्यात उमर घालवली, आणि बरीच वर्षे त्याला स्वतःलाही वाटत होते की ही ताऱ्यांमधली मोकळी भगदाडे आहेत. १९१९ मध्ये त्याने अशा १८२ जागांची यादी छापली तोवर त्याचे मत पालटले होते : निदान बऱ्याच ठिकाणी मधे काहीतरी आडवे आलेले आहे. ते ‘काहीतरी’ म्हणजे मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचा अतिथंड वायू. त्यात वस्तुमानाने शंभरातला जेमतेम एक भाग धूळ असते, पण मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवायला तेवढी पुरते. धुळीचा एकेक कण मायक्रॉनहूनही लहान. मेघाच्या गाभ्याचे तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. इतक्या थंडीत वायूचा दाब तोकडा पडतो, गुरुत्वाकर्षणाचे पारडे जड होते, गाभा आत कोसळू लागतो आणि त्यातून तारा घडतो.

घडणारा तारा काही लाख वर्षे आपल्याला दिसत नाही. तो मेघाच्या आत असतो आणि त्याच्याभोवती वायू-धुळीची फिरती तबकडी असते. या तबकडीला काटकोनात, दोन ध्रुवांच्या दिशांना, ताऱ्याकडून वायूचे झोत सुटतात आणि मेघात पोकळी कोरतात. त्या पोकळीच्या भिंतींवर ताऱ्याचा प्रकाश पडला की आपल्याला पंख्याच्या किंवा शंकूच्या आकाराचा फिकट डाग दिसतो. तो परावर्तन तेजोमेघ. शंकू दोन असतात, पण आपल्यापासून दूर वळलेला बहुधा तबकडीआड आणि धुळीआड राहतो, म्हणून चित्र एकतर्फी दिसते.

वरंधा घाटात पावसाळी धुक्यात गाडी चालवलेल्या माणसाला यापुढचे समजावून सांगावे लागणार नाही. वळणाआडची एसटी अजून दिसत नाही, पण तिच्या दिव्यांनी धुके उजळलेले दिसते. ड्रायव्हरने दिवे वरखाली केले तर धुकेही तसेच लपलपते. कोणी दिव्यांसमोरून चालत गेले तर त्याची सावली धुक्यावर भलीमोठी होऊन सरकते. माणूस दोन पावले टाकतो तोवर सावली दरी ओलांडून गेलेली असते. धुके हलले नाही, बदलले नाही. बदल दिव्यात झाला किंवा दिव्यालगत झाला. या पुस्तकातले सगळे तेजोमेघ या एका तत्त्वावर वाचायचे आहेत. त्यातून एक लाभही आहे. पोकळीची भिंत ताऱ्याकडे आपल्याहून वेगळ्या कोनातून ‘पाहत’ असते, त्यामुळे तिच्यावरून परतलेल्या प्रकाशात ताऱ्याची आपल्याला न दिसणारी बाजूही थोडीफार उमटते.

सगळे तेजोमेघ असे परप्रकाशी नसतात, आणि हा फरक कळायला वर्णपट लागला. त्या इतिहासात पुण्याचे एक पान आहे. इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून त्यांनी तिथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. तिची ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. नायगमवालांनी मृगातल्या मोठ्या तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा तपासली. ही रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असा नॉर्मन लॉकियर यांचा दावा होता. तसे असते तर ती एका बाजूला विरत गेलेली दिसली असती. नायगमवालांना ती दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली, आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्यांनी तसे छापले. या रेषेचे खरे मूळ, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सांगितले. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. एका माणसाबरोबर संस्था संपण्याची आपली रीत तेव्हाही होती.

नेमक्या त्याच १९१२ सालच्या अखेरीस अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी कृत्तिकांमधल्या मेरोपी ताऱ्याजवळच्या तेजोमेघाचा वर्णपट घेतला. त्यात तेजस्वी रेषा नव्हत्याच. शेजारच्या ताऱ्यांसारखाच अखंड वर्णपट होता. म्हणजे हा मेघ स्वतः तेवत नव्हता, ताऱ्याचा प्रकाश परतवत होता. (कृत्तिकांची ती धूळ त्यांच्या जन्माची नाही, वाटेत आडवी आलेली आहे, हे नंतर कळले, पण तत्त्व पक्के झाले.)

या फरकाचा निरीक्षकाच्या खिशाशी थेट संबंध आहे. शहराच्या उजेडातून तेजोमेघ दाखवणारे ओ-थ्री किंवा यूएचसी फिल्टर बाजारात मिळतात आणि मृगाच्या मोठ्या तेजोमेघावर ते उत्तम चालतात, कारण ते नायगमवालांच्या त्या हिरव्या रेषेसारखा मोजका प्रकाश आत सोडून बाकीचा अडवतात. परावर्तन तेजोमेघाचा प्रकाश मात्र सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यात निळा जरा जास्त. फिल्टर लावला की उजेडाबरोबर तेजोमेघही जातो. वर नव्या एलईडी दिव्यांचा उजेड निळसर, नेमका आपल्या गिऱ्हाइकाच्या रंगाचा. म्हणून इथे विकत घेण्यासारखे उपकरण एकच, ते म्हणजे पेट्रोल : अंधारापर्यंत जायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या क्षेत्राची सुरुवात काही दिसल्याने झाली असे सांगतात. ११ ऑक्टोबर १८५२ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या जॉर्ज बिशप यांच्या खासगी वेधशाळेतून जॉन रसेल हिंद यांना वृषभ राशीत एक लहानसा तेजोमेघ दिसला आणि त्याला लागून नकाशात नसलेला, अंदाजे दहाव्या प्रतीचा तारा. तो तारा आज टी टॉरी म्हणून ओळखला जातो आणि तेजोमेघ एनजीसी १५५५ म्हणून. पण नुसता एक नवा तेजोमेघ सापडणे ही त्या काळात मोठी बातमी नव्हती. असे शेकडो सापडत होते. खरी बातमी १८६१ मध्ये कोपनहेगनहून आली. हाइनरिख दारे यांनी त्या जागेवर दुर्बीण रोखली आणि लिहिले की तिथे तेजोमेघ नाही.

दारे यांच्या या नकारामुळे खगोलशास्त्रात एक नवी शक्यता शिरली. तेजोमेघ बदलतात असे तोवर कोणी ठामपणे सिद्ध केले नव्हते. शंका पुष्कळ होत्या, आणि त्यातल्या बहुतेक खराब हवा, खराब दुर्बीण किंवा घाई यांच्यावर ढकलता येत होत्या. दारे यांचा नकार तसा ढकलता आला नाही, कारण तो काळजीपूर्वक दिलेला होता आणि इतर निरीक्षकांनीही त्याला दुजोरा दिला. पुढे १८६८ मध्ये ऑटो स्ट्रुव्ह यांना टी टॉरीच्या जवळच, पण जरा दुसऱ्याच जागी, एक तेजोमेघ दिसला. त्याला एनजीसी १५५४ हा क्रमांक मिळाला आणि मग तोही गेला, तो आजतागायत ‘स्ट्रुव्हचा हरवलेला तेजोमेघ’ म्हणून यादीत आहे. १८९० मध्ये बर्नार्ड आणि बर्नहॅम यांना लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीतून हिंदचा तेजोमेघ पुन्हा सापडला तो अगदी पुसट. विसाव्या शतकात तो सावकाश उजळत गेला, आणि आज चांगल्या आकाशाखाली १०-१२ इंची दुर्बिणीतून दिसतो. रोहिणीच्या व्ही आकाराच्या उत्तरेकडच्या टोकाला एप्सिलॉन टॉरी आहे. त्याच्या पश्चिमेला दीड अंशाहून किंचित जास्त सरकावे.

१९४५ मध्ये माउंट विल्सनच्या आल्फ्रेड जॉय यांनी टी टॉरीसारख्या अनियमित ताऱ्यांचा वेगळा वर्ग केला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आर्मेनियाचे व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी हे तारे अगदी तरुण आहेत, हे पटवून दिले. म्हणजे हिंद यांनी पाहिले ते नव्या ताऱ्याचे घर होते, हे कळायला नव्वदहून अधिक वर्षे लागली.

दुसरे उदाहरण जास्त देखणे आहे. शृंगाश्व तारकासमूहातल्या एस मोनोसेरोटिसपासून सव्वा अंश दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे, एनजीसी २२६१ हा लहान पंखा आहे. विल्यम हर्शल यांनी तो १७८३ मध्ये नोंदवला. त्याच्या टोकाशी आर मोनोसेरोटिस हा तारा आहे. तेजोमेघ बदलतो हे १९१६ मध्ये एडविन हबल या तरुण संशोधकाने छायाचित्रांची तुलना करून दाखवले, आणि २६ जानेवारी १९४९ रोजी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीचे पहिले छायाचित्र घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने हाच विषय निवडला. पण माझ्या मते या तेजोमेघाचा खरा माणूस हबल नव्हे, लोवेल वेधशाळेचा कार्ल लॅम्पलंड. त्याने १९१६ पासून १९५१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, याची शेकडो छायाचित्रे घेतली. त्यांतून दिसले की काळे पट्टे काही आठवड्यांत पंख्यावरून सरकतात. एवढ्या मोठ्या मेघातले द्रव्य त्या वेगाने हलूच शकत नाही. हलते ती सावली : ताऱ्याला अगदी खेटून फिरणाऱ्या धुळीच्या ढेपांची, धुक्यावर पडलेली. ८ इंची दुर्बिणीत शंभरच्या आसपास विवर्धन ठेवल्यास हा पंखा शेपूट वर केलेल्या धूमकेतूसारखा दिसतो. टोकाशी ताऱ्याचा टोकदार ठिपका शोधू नका. तिथेही गाठोडेच असते. पूर्व आणि पश्चिम यांपैकी कोणती कड जास्त रेखीव आहे एवढेच पाहा आणि रेखाटा. महिन्याभराने तेच रेखाटन पुन्हा करा, पहिले न पाहता.

तिसऱ्या उदाहरणात महाराष्ट्र थेट येतो. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जे मॅकनील या हौशी निरीक्षकाने आपल्या अंगणातून, अवघ्या ३ इंची दुर्बिणीने, मृगातल्या एम ७८ या परावर्तन तेजोमेघाच्या परिसराची छायाचित्रे घेतली. त्यात एक ठिपका असा होता जो कुठल्याच नकाशात नव्हता. आकाशातला हा भाग तसा गर्दीचा, शेकडो वेळा टिपलेला. मोठमोठ्या वेधशाळांनाही त्याचा पत्ता नव्हता. लिंड्स १६३० या काळ्या मेघातला व्ही १६४७ ओरायनिस हा नवजात तारा २००३ च्या अखेरीस एकाएकी उजळला होता आणि त्याने आपल्याभोवतीची पोकळी उजळून काढली होती. मग जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. १९६६ मधल्या एका हौशी छायाचित्रात हाच तेजोमेघ स्पष्ट होता. ते छायाचित्र पुस्तकात छापलेले होते, लोकांच्या कपाटांत होते, आणि कोणी त्याकडे त्या नजरेने पाहिले नव्हते. इतर वर्षांच्या छायाचित्रांत ती जागा रिकामी होती. त्या रिकाम्या छायाचित्रांमुळेच १९६६-६७ ची घटना एक स्वतंत्र उद्रेक होती असे म्हणता आले.

२००५ च्या नोव्हेंबरच्या सुमारास तारा एकदम मंदावला, तेजोमेघ विझला. २००८ च्या ऑगस्टअखेर पुन्हा उजळला. यानंतरची साडेचार वर्षे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले देवेंद्र ओझा, त्यांचे विद्यार्थी जो निनान आणि सहकारी यांनी त्याचा पाठपुरावा केला. सप्टेंबर २००८ ते मार्च २०१३ या काळात प्रतमापनाच्या १२४ रात्री आणि वर्णपटाच्या ५९ रात्री जमल्या. त्यांनी दुर्बिणी वापरल्या त्या दोन, दोन्ही २ मीटर आरशाच्या : लडाखमध्ये हानले इथली हिमालयीन चंद्र दुर्बीण, आणि आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका या संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेली दुर्बीण. किकवीवरून उत्तरेला गाडी काढली तर पुणे ओलांडून दुपारपर्यंत गिरवलीचा डोंगर दिसतो.

त्यांच्या निष्कर्षांतला मला सर्वांत आवडणारा भाग आकड्यात लहान आहे. तारा लाल प्रकाशात वर्षाला सुमारे ०.०४ प्रत या गतीने मंदावत होता. २००३ च्या उद्रेकात याच टप्प्यावरची गती सहापट होती. म्हणजे एकाच ताऱ्याचे दोन उद्रेक सारखे नव्हते. तेजोमेघातली उजेडाची वाटणीही दोन उद्रेकांत वेगळी होती. म्हणजे मधल्या काळात ताऱ्यालगतच्या धुळीची मांडणी बदलली होती. आणि २००५ मध्ये पहिला उद्रेक असा मधेच का तुटला, याचे एक संभाव्य कारण त्यांनी सुचवले : तबकडीच्या आतल्या भागात, ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या आसपास, द्रव्य विरळ असलेली फट. तबकडीतून ताऱ्यावर पडणारे द्रव्य त्या फटीशी आले आणि पुरवठा तुटला. तेराशे प्रकाशवर्षांवरच्या एका तबकडीतली फट, आणि तिचा माग घोडेगावजवळच्या डोंगरावरून! २०१८ च्या सुमारास तो तारा पुन्हा मंदावला. आज तिथे पाहाल तर बहुधा काही दिसणार नाही. तरीही पाहावे, असे हे पुस्तक सांगते.

असे उद्रेक का होतात यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. तबकडीतले द्रव्य ताऱ्यावर एकसारखे झरत नाही. साठते आणि मग लोंढ्याने येते. १९३६-३७ च्या सुमारास एफयू ओरायनिस हा तारा काही महिन्यांत सोळाव्या प्रतीवरून दहाव्या प्रतीच्या आत आला आणि अजून पुरता मंदावलेला नाही. जॉर्ज हर्बिग यांनी या वर्गाचा अभ्यास उभा केला. दुसरा वर्ग काही महिने ते एक-दोन वर्षे उजळून विझणाऱ्यांचा. मॅकनीलचा तारा या दोन वर्गांच्या मधेच कुठेतरी बसतो, आणि म्हणूनच तो कामाचा.

आता कॅलेंडर. सूर्य मृगात येतो तो ७-८ जूनला, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मृग लागतो तेव्हा मृगाचे तारे सूर्याआड असतात आणि आपल्याकडे पाऊस येतो. म्हणजे मृग, शृंगाश्व आणि वृषभ यांच्या बाबतीत आपला पावसाळा आणि त्यांचा अज्ञातवास बऱ्याच अंशी एकाच वेळी उरकतो. खरी खोट ऑगस्ट-सप्टेंबरच्या पहाटेची. मृग तेव्हा परत उगवू लागतो आणि सह्याद्री ढगांत असतो. तेव्हा हानलेसारखी, पर्जन्यछायेतली जागा उपयोगी पडते. गिरवलीचा घुमट त्या दिवसांत बंदच असतो. ऑक्टोबरपासून मात्र मार्च संपेपर्यंत आपला हंगाम. टी टॉरी किकवीच्या खस्वस्तिकापासून साधारण सव्वा अंश उत्तरेने जातो. वातावरणाचा सर्वांत पातळ थर तिथे, म्हणून हा लाभ. पण डॉब्सनियन दुर्बीण नेमकी डोक्यावर वळवणे म्हणजे तिच्याशी कुस्ती. मध्यमंडलाच्या तासभर आधी किंवा नंतर पाहावे. डिसेंबरात पहाटे दव पडते, नेत्रिका कोटाच्या आतल्या खिशात ठेवाव्यात.

नोंदवहीविषयी मी जरा कडक आहे. ‘दिसला नाही’ हे दोन शब्द एकटे असतील तर त्यांची किंमत शून्य. त्यासोबत पाच-सहा गोष्टी हव्यातच : तारीख आणि वेळ, चंद्र कुठे होता, दुर्बिणीचा व्यास आणि विवर्धन, त्याच क्षेत्रात दिसलेला सर्वांत मंद तारा कोणता, आणि त्याच रात्री, त्याच उंचीच्या आसपास, न बदलणारा एखादा परावर्तन तेजोमेघ दिसला की नाही. हा शेवटचा साक्षीदार मी महत्त्वाचा मानतो. एम ७८ किंवा एनजीसी १७८८ दिसत असेल आणि तुमचा विषय दिसत नसेल, तर नकाराला वजन येते. साक्षीदारही दिसत नसेल तर हवेला दोष द्या आणि घरी जा. कॅमेरा वापरणाऱ्यांनी एकच उघडीप-काळ, एकच रंगगाळणी वर्षानुवर्षे सोडू नये. चित्र सुंदर करण्याच्या नादात दरवेळी नवी प्रक्रिया केली की तुलना संपते.

एक आक्षेप रास्त आहे. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे २०२५ मध्ये आली. अशी यंत्रे काही रात्रींत सगळे दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा टिपणार, मग किकवीच्या बांधावरच्या माणसाने काय करायचे? दोन उत्तरे आहेत. सर्वेक्षणे ताऱ्याचा ठिपका मोजायला बनलेली असतात. पसरट, आकार बदलणारा डाग त्यांच्या स्वयंचलित मोजणीत नीट बसत नाही. आणि सर्वेक्षण दहा वर्षांचे असते. लॅम्पलंडचे पस्तीस होते. पुण्यात १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, देशातली हौशी निरीक्षकांची सर्वांत जुनी. बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी १९११ पासून गोळा करणारी अमेरिकेतली संघटनाही जगभरच्या हौशी नोंदी घेते. एका माणसाला न पेलणारी सलगता संस्थांना पेलते, फक्त वह्या एका पद्धतीने भरलेल्या असाव्यात.

शेवटी एक काम, जे आपल्या अक्षांशावरून युरोपपेक्षा कितीतरी बरे होते आणि तरी आपल्याकडे फारसे होत नाही. दक्षिण मुकुटातल्या आर कोरोने ऑस्ट्रॅलिस ताऱ्याजवळचा एनजीसी ६७२९ हा तेजोमेघ युलियस श्मिट यांना १८६१ मध्ये अथेन्सहून सापडला. तोही काही दिवस-आठवड्यांत बदलतो. लंडनहून तो क्षितिजाच्या जेमतेम दीड अंश वर येतो. किकवीहून मध्यमंडलावर सुमारे पस्तीस अंश उंचीवर येतो. अडचण अशी की तो मध्यरात्री सर्वांत उंच असतो तो जुलैच्या आरंभी, म्हणजे भर पावसात. तेव्हा दोन फटी उरतात. एप्रिलअखेरीच्या पहाटे साडेचारच्या सुमारास तो दक्षिणेला उंच असतो. पण भोर-वेल्ह्यात ते राब भाजायचे आणि डोंगरावरच्या वणव्यांचे दिवस, त्यामुळे धूर असतो आणि त्या बाजूला शिरवळचा उजेड धुरात पसरतो. दुसरी फट ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली, पाऊस लवकर मागे फिरला तर. संध्याकाळी साडेसातला अंधार पुरा होतो तेव्हा तो नुकताच मध्यमंडल ओलांडून गेलेला असतो, आणि साडेनऊपर्यंत कामाचा राहतो. पावसाने धुतलेली हवा त्या वेळी वर्षातली सर्वांत स्वच्छ असते. जागा निवडताना दिवसाउजेडी जाऊन नैऋत्येकडचा डोंगर वीस अंशांहून खाली आहे ना, हे आधी पाहून ठेवावे.